उणे एन्झाइम आणि त्याची भरपाई : गोशे-विकाराचा नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात विचार

पोट पुढे आलेले, हातपाय काटकुळे आणि चेहरा निस्तेज, असे मूल मराठवाड्यातील कोणत्याही वैद्यास अपरिचित नाही. अशा मुलास निजवून डाव्या बरगडीखाली बोटे दाबली असता पुष्कळदा पाणथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते. आणि पाणथरी लागली की प्रथम हिवतापाचा संशय यावा, हे स्वाभाविकच आहे. त्यानंतर विषमज्वर, थॅलॅसेमिया, आणि मूल किनवट-माहूरकडील आदिवासी वस्तीतील असल्यास दात्रकोशिका-विकार, या कारणांचा क्रमाने विचार होतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर यांतच सापडते. परंतु क्वचित असे घडते, की ही सर्व कारणे एकामागून एक निकालात निघतात, औषधे बदलली जातात, रक्त चढविले जाते, आणि तरीही पाणथरी महिन्यामागून महिने वाढतच राहते. अशा मुलांपैकी काहींच्या शरीरात जन्मतःच एका एन्झाइमाची उणीव असते. तिच्यामुळे होणाऱ्या एका विकारास गोशे-विकार असे नाव आहे.

हा विकार दुर्मीळ आहे. तथापि असाध्य नाही. उणे असलेले एन्झाइम बाहेरून शिरेवाटे देऊन त्याची भरपाई करता येते, हे १९९१ पासून जगभर सिद्ध झालेले आहे. असे असूनही या उपचाराचे फळ रोग्याच्या पदरात पडते की नाही, हे औषधाच्या गुणाइतकेच दोन अन्य गोष्टींवर अवलंबून असते : निदान किती लवकर झाले, आणि औषधाचा पुरवठा किती अखंड राहिला. या दोन्ही गोष्टींचा निर्णय मोठ्या शहरातील संशोधनसंस्थेत होत नसून तालुक्याच्या दवाखान्यात आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात होतो. तो कसा, हे विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. विकाराचे स्वरूप

नांदेड किंवा लातूर येथील मोंढ्यात हंगामात रोज माल येतो, रोज त्याचा लिलाव होतो आणि रोज तो हलविला जातो. माल येणे चालू राहिले, पण हमालांची एक विशिष्ट टोळी कामावर आलीच नाही, तर काय होईल? इतर सर्व व्यवहार सुरळीत असूनही एका प्रकारच्या पोत्यांच्या थप्प्या वाढत जातील आणि अखेरीस वाटा अडतील. चयापचयाच्या आनुवंशिक विकारांपैकी ज्यांना संचयी विकार म्हणतात, त्यांचे स्वरूप नेमके असे आहे.

शरीरातील कोशिकांच्या आत टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांना लयकारिका म्हणतात. बेल्जियन जीवरसायनज्ञ क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी १९५५ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि पुढे १९७४ मध्ये कोशिकारचनेविषयीच्या संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. लयकारिकांत अनेक एन्झाइमे असतात. एन्झाइम म्हणजे एखादी रासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन. मराठीत त्यास विकर असेही म्हटले जाते. प्रत्येक एन्झाइमाचे काम ठरलेले असते आणि एकाचे काम दुसरे करीत नाही. त्यामुळे त्यांपैकी एकही उणे असले, तर त्याने फोडावयाचा पदार्थ न फुटता तसाच साचत जातो.

गोशे-विकारात ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे एन्झाइम उणे असते. रक्तातील तांबड्या कोशिका सुमारे १२० दिवस जगतात. त्या जीर्ण झाल्यावर पाणथरी, यकृत आणि अस्थिमज्जा यांतील महाभक्षी कोशिका त्यांना गिळून त्यांचे विघटन करतात. तांबड्या व पांढऱ्या कोशिकांच्या आवरणांपासून अखेरीस ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा स्निग्ध पदार्थ उरतो. निरोगी माणसात वरील एन्झाइम त्याचे दोन तुकडे करते : ग्लुकोज ही शर्करा आणि सेरामाइड हा स्निग्धांश. एन्झाइम उणे असल्यास तो पदार्थ महाभक्षी कोशिकांतच साचतो. अशा फुगलेल्या कोशिका सूक्ष्मदर्शकाखाली चुरगळलेल्या कागदाप्रमाणे दिसतात.

या एका घटनेतून विकाराची सर्व लक्षणे उद्भवतात. पाणथरी आणि यकृत वाढतात, म्हणून पोट पुढे येते. वाढलेली पाणथरी रक्तातील कोशिका प्रमाणाबाहेर अडवून नष्ट करते आणि अस्थिमज्जेतही दाटी झाल्याने नव्या कोशिका पुरेशा तयार होत नाहीत. यामुळे पंडुरोग होतो आणि रक्तबिंबिका घटून नाकातून वा हिरड्यांतून रक्त येते. मज्जेतील संचयामुळे हाडे दुखतात, ठिसूळ होतात, क्वचित मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी निकामी होते. मुलाची उंची खुंटते.

इ. स. १८८२ मध्ये फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात एका स्त्रीच्या अवाढव्य पाणथरीचे वर्णन केले. त्यास तो अर्बुदाचा प्रकार वाटला होता. साचलेला पदार्थ कोणता, हे १९३४ मध्ये कळले. आणि तो का साचतो, हे अमेरिकेतील रॉस्को ब्रेडी यांनी १९६४-६५ च्या सुमारास एन्झाइमाची उणीव दाखवून स्पष्ट केले. म्हणजे लक्षणापासून कारणापर्यंत पोचण्यास विज्ञानास ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

या विकाराचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात मेंदू अबाधित राहतो. दुसऱ्यात मेंदूची हानी तान्हेपणीच आणि वेगाने होते. तिसऱ्यात ती सावकाश होते. बुबुळांची आडवी हालचाल मंदावणे हे तिचे एक आरंभीचे चिन्ह होय. उपचाराच्या दृष्टीने हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

२. भरपाईची कल्पना

जे उणे आहे ते बाहेरून द्यावे, ही कल्पना वरवर पाहता साधी आहे. मधुमेहात इन्शुलिन दिले जाते, तद्वत येथे एन्झाइम द्यावे. परंतु इन्शुलिनास कोशिकेच्या दारापर्यंतच जावयाचे असते. लयकारिकेतील एन्झाइमास मात्र कोशिकेच्या आत, आणि आतल्याही एका पिशवीत, शिरावयाचे असते. इतके मोठे प्रथिन तेथवर पोचणार कसे, हा खरा प्रश्न होता.

द द्यूव्ह यांनी १९६४ मध्येच असे सुचविले होते, की कोशिका बाहेरील द्रव्य गिळते तेव्हा ते द्रव्य लयकारिकांतच जाऊन पडते. यास्तव बाहेरून दिलेले एन्झाइमही आपोआप योग्य ठिकाणी पोचावे. १९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला प्रायोगिक आधार दिला. हर्लर आणि हंटर या दोन भिन्न संचयी विकारांच्या रोग्यांच्या त्वचेतील कोशिका त्यांनी एकाच पात्रात वाढविल्या. दोन्ही कोशिका रोगट असताना एकत्र वाढविल्यावर दोन्हींतील संचय कमी झाला. एकीत जे उणे होते ते दुसरीने स्रवले आणि पहिलीने शोषून घेतले, असा याचा अर्थ होता.

ब्रेडी यांनी माणसाच्या वारेतून, म्हणजे बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या अपरेतून, हे एन्झाइम शुद्ध करून १९७४ मध्ये दोन रोग्यांना दिले. यकृतातील संचय घटल्याचे आढळले. परंतु पुढील प्रयत्नांत फळ अनिश्चित राहिले. एन्झाइम यकृतात जात होते खरे. पण महाभक्षी कोशिकांऐवजी बव्हंशी इतर कोशिकांतच शिरत होते. पत्र टपालात पडले होते, परंतु पाकिटावरील पत्ता चुकीचा होता.

हा पत्ता शर्करेच्या भाषेत लिहिलेला असतो. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे प्रथिन असले तरी त्याला शर्करांच्या लहान साखळ्या जोडलेल्या असतात. महाभक्षी कोशिकांच्या पृष्ठभागावर मॅनोज या शर्करेस ओळखून पकडणारे ग्राहक असतात. अपरेतून मिळालेल्या एन्झाइमाच्या साखळ्यांत मॅनोज आत दडलेले होते आणि टोकांवर दुसऱ्या शर्करा होत्या. ही टोके एकेक करून छाटली, तेव्हा मॅनोज उघडे पडले आणि महाभक्षी कोशिका ते एन्झाइम मोठ्या प्रमाणात गिळू लागल्या.

तरीही एक अडचण राहिली होती. १९८० नंतरच्या एका चाचणीत सर्व रोग्यांना सारखीच मात्रा दिली असता ठळक गुण आला तो केवळ एका लहान मुलास. कारण पुढे उलगडले : मूल वजनाने लहान असल्यामुळे शरीराच्या दर किलोग्रॅममागे त्यास सर्वांत अधिक औषध मिळाले होते. मात्रा वजनाच्या प्रमाणात ठेवून बारा रोग्यांवर चाचणी झाली, आणि तिच्यात हिमोग्लोबिन वाढल्याचे व पाणथरी आकसल्याचे दिसून आले. १९९१ मध्ये अमेरिकेत या औषधास मान्यता मिळाली. एका रोग्याच्या वर्षभराच्या औषधासाठी त्या काळी हजारो अपरा गोळा कराव्या लागत. १९९४ मध्ये इमिग्लुसेरेज हे औषध आले. ते चिनी हॅम्स्टर या प्राण्याच्या बीजांडकोशातील कोशिकांत मानवी जनुक घालून तयार केले जाते. पुढे २०१० मध्ये मानवी कोशिकांत आणि २०१२ मध्ये गाजराच्या कोशिकांत तयार केलेली एन्झाइमेही मान्य झाली. याच तत्त्वावर फॅब्री, पाँपे, हर्लर, हंटर इत्यादी विकारांवरही एन्झाइमे निघाली आहेत.

३. औषधाची मर्यादा

एन्झाइम शिरेवाटे दिल्यावर काही महिन्यांत पंडुरोग ओसरू लागतो, पोट उतरते, मुलाची वाढ पुन्हा सुरू होते. पहिल्या वर्षात सुमारे १५ टक्के रोग्यांत औषधाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. परंतु बहुतेकांना औषध चालू ठेवता येते. येथवरचा भाग समाधानकारक आहे.

परंतु या उपचाराच्या तीन मर्यादा नीट ध्यानी घेणे अवश्य आहे. पहिली अशी, की बाहेरून दिलेले एन्झाइम काही काळच टिकते. शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही ते नाहीच. यामुळे औषध जन्मभर, सामान्यतः दर दोन आठवड्यांनी, घ्यावे लागते. मोंढ्यात रोजंदारीवर आणलेली टोळी परत गेली की थप्प्या पुन्हा वाढू लागतात. २००९ मध्ये अमेरिकेतील एका कारखान्यात कोशिकांना विषाणूचा संसर्ग होऊन उत्पादन थांबले, तेव्हा जगभर अनेक रोग्यांच्या मात्रा कमी कराव्या लागल्या वा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. एकाच ठिकाणच्या उत्पादनावर जन्मभराचा उपचार अवलंबून ठेवणे किती धोक्याचे आहे, हे त्या प्रसंगाने सर्वांस दाखवून दिले.

दुसरी मर्यादा मेंदूची. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये असलेला अडसर हे मोठे प्रथिन ओलांडू शकत नाही. म्हणून दुसऱ्या प्रकारात या औषधाचा उपयोग होत नाही. तिसऱ्या प्रकारात पाणथरी, यकृत व रक्त यांवर गुण येतो; मेंदूच्या विकारावर तो येत नाही. ही गोष्ट भारतात विशेष महत्त्वाची आहे. भारतीय रोग्यांत या जनुकाचा जो दोष सर्वांत अधिक आढळतो, त्यात प्रथिनातील एका ठराविक जागी ल्यूसीन या ॲमिनो अम्लाऐवजी प्रोलीन येते; आणि आईबापांकडून दोन्ही प्रती अशा सदोष मिळाल्यास पुढे मेंदूस बाधा होण्याचा संभव अधिक असतो. यास्तव उपचार आरंभण्यापूर्वी जनुकाची तपासणी करून, काय साध्य होईल आणि काय होणार नाही, हे आईवडिलांना स्पष्ट सांगणे वैद्याचे कर्तव्य ठरते.

तिसरी मर्यादा काळाची. साचलेला पदार्थ औषधाने निघून जातो. परंतु त्या संचयाने झालेली हानी सर्वस्वी भरून निघत नाही. निकामी झालेले मांडीच्या हाडाचे डोके पुन्हा जिवंत होत नाही. पूर्वी निदानाअभावी वा उपचाराअभावी पाणथरीच काढून टाकली जाई; त्यानंतर रक्त सुधारे, पण हाडांचा विकार बळावे. एकच औषध तिसऱ्या वर्षी सुरू केलेल्या आणि तेराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलास सारखे फळ देत नाही.

४. वारसा आणि सोयरिक

प्रत्येक माणसात या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडील व एक बापाकडील. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. असा मनुष्य वाहक असतो, रोगी नसतो. दोन्ही प्रती सदोष असल्या तरच विकार प्रकट होतो. आई आणि बाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढील तीन सुटली, असा त्याचा अर्थ नव्हे; संभव दर वेळी तेवढाच राहतो.

नांदेड-लातूरच्या संदर्भात येथे विवाहपद्धतीचा विचार क्रमप्राप्त होतो. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रास उत्तर व दक्षिण यांमधील संक्रमणाचा प्रदेश मानले आहे. मामाची मुलगी करण्याची रीत येथील अनेक जातींत रूढ आहे. देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीर, निलंगा हे तालुके तेलंगण व कर्नाटक यांना लागून आहेत आणि दक्षिणेकडील मामा-भाचीच्या विवाहाची चाल सीमेपाशी थांबत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशा नात्यांना, जेथे रूढी असेल तेथे, मोकळीक ठेवली आहे.

याचा परिणाम गणिताने दाखविता येतो. एखाद्या अप्रभावी विकाराचे प्रमाण ४०,००० जन्मांमागे १ आहे असे मानले, तर सुमारे १०० माणसांत १ वाहक असतो. नात्याबाहेरील विवाहात मूल रोगी होण्याचा संभव ४०,००० मध्ये १ इतकाच राहतो. मामाच्या मुलीशी विवाह झाल्यास तो सुमारे ३,००० मध्ये १ इतका होतो. आणि मामा-भाचीच्या विवाहात सुमारे १,५५० मध्ये १ इतका. म्हणजे अनुक्रमे तेरा पट व सव्वीस पट. वाढ मोठी आहे, हे उघड आहे. परंतु हेही तितकेच उघड आहे, की अशा विवाहांतील बहुसंख्य मुले या विकारापुरती निरोगीच जन्मतात. यास्तव एखाद्या घरात रोगी मूल जन्मले असता आईस वा सोयरिकीस दोष देणे शास्त्राला धरून नाही. दोष दोन्ही बाजूंनी, नकळत, सारखाच आलेला असतो. मात्र एकदा निदान झाले की त्या घराण्यातील पुढील सोयरिकी जुळविताना तपासणीचा विचार व्हावा, हे इष्ट होय. रोगी मुलाच्या निरोगी भावंडांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याचा संभव तिनांत दोन असतो. पुढील गर्भाची तपासणीही, जनुकातील दोष आधी माहीत असल्यास, शक्य असते. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने आनुवंशिक चयापचय-विकारांसाठी अशा तपासणीची वाट मोकळी ठेवली आहे.

५. निदान

२०११ च्या जनगणनेनुसार नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लक्ष ६१ हजार व लातूरची सुमारे २४ लक्ष ५४ हजार होती. दोहोंची मिळून ती ५८ लक्षांहून अधिक भरते. इतक्या लोकसंख्येत वर्षाला एक लक्षाच्या आसपास जन्म होतात असे धरले आणि वरील ४०,००० मध्ये १ हे प्रमाण लावले, तर या दोन जिल्ह्यांत वर्षाला दोन-तीन अशी मुले जन्मावीत. एका वैद्यास सबंध आयुष्यात असा एकही रोगी भेटणार नाही, असे होणे शक्य आहे. दोन जिल्ह्यांना मिळून मात्र तो दर वर्षी भेटत असला पाहिजे. विकार दुर्मीळ असणे आणि अस्तित्वात नसणे यांतील फरक येथे लक्षात येतो.

पूर्वी या विकाराचे निदान अस्थिमज्जेत वरील फुगलेल्या कोशिका दिसल्यावर होई. ती पद्धत सूचक असली तरी निर्णायक नव्हे. इतर काही विकारांतही तशाच कोशिका दिसतात. निर्णायक तपासणी म्हणजे रक्तातील पांढऱ्या कोशिकांत एन्झाइमाची क्रिया प्रत्यक्ष मोजणे. हिच्यासाठी ताजे रक्त थोड्या वेळात प्रयोगशाळेत पोचावे लागते आणि अशा प्रयोगशाळा दूरच्या शहरांत आहेत. या अडचणीतून एक सुलभ वाट निघाली आहे. अर्जेंटिनातील नेस्टर चामोलेस यांनी २००१ च्या सुमारास असे दाखविले, की टीपकागदासारख्या जाड कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या ठिपक्यातही लयकारिकांतील एन्झाइमे मोजता येतात. बोटास वा टाचेस टोचून काढलेले रक्ताचे काही थेंब कागदावर घ्यावयाचे, सावलीत नीट वाळवावयाचे, आणि पाकिटात घालून टपालाने पाठवावयाचे. उन्हाळ्यात उष्णतेने आणि पावसाळ्यात दमटपणाने एन्झाइम बिघडते, म्हणून पाकीट लवकर पोचले पाहिजे, एवढीच दक्षता. मुदखेड वा औसा येथील मुलास मुंबई-हैदराबादची वारी न करताही पहिली तपासणी करून घेता येते. ठिपक्यात क्रिया कमी आढळल्यास मात्र पांढऱ्या कोशिकांतील तपासणी व जनुकाची तपासणी करून निदान पक्के करावे लागते.

अशा तपासण्यांतून भारतातील चित्र हळूहळू स्पष्ट होत आहे. अहमदाबाद येथील एका आनुवंशिकी संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या मुलांपैकी ३८७ मुलांत लयकारिकांचे संचयी विकार निश्चित झाले. आणि त्यांत स्निग्धसंचयी विकारांचा, म्हणजे गोशे-विकार ज्या गटात मोडतो त्याचा, भाग सर्वांत मोठा होता. हे विकार परदेशातील आहेत, आपल्याकडील नव्हेत, या समजुतीस यापुढे आधार उरत नाही.

६. मात्रा, खर्च आणि पुरवठा

इमिग्लुसेरेजची मात्रा मुलांमध्ये पुष्कळदा दर किलोग्रॅममागे ६० एकक, दर दोन आठवड्यांनी एकदा, अशी असते. रोग्याच्या स्थितीप्रमाणे ती कमी-अधिक केली जाते. औषधाच्या एका कुपीत ४०० एकक असतात. २० किलोग्रॅम वजनाच्या मुलास प्रत्येक वेळी १,२०० एकक, म्हणजे ३ कुप्या, आणि वर्षातील २६ खेपांना ७८ कुप्या लागतात. तेच मूल ४० किलोग्रॅमचे झाले की वर्षाला १५६ कुप्या. उपचार यशस्वी झाल्यामुळे मूल वाढते आणि मूल वाढल्यामुळे औषध वाढते, असा हा क्रम आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ रोगांविषयीच्या राष्ट्रीय धोरणात, १० किलोग्रॅम वजनाच्या मुलाच्या काही दुर्मीळ रोगांवरील उपचाराचा वार्षिक खर्च १० लक्षांपासून १ कोटी रुपयांहून अधिक होऊ शकतो, असे नमूद आहे.

हा भार कोणतेही शेतकरी वा मजूर कुटुंब उचलू शकणार नाही, हे सांगावयास नको. दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका गरीब कुटुंबातील गोशे-विकारग्रस्त बालकाचे प्रकरण आले असता न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये असा निर्णय दिला, की उपचार महाग आहे एवढ्या कारणाने सरकारला जबाबदारीतून मुक्त होता येणार नाही. या विषयावरील पहिले राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले, २०१८ मध्ये स्थगित झाले, आणि सुधारित धोरण मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले. त्यात रोगांचे तीन गट केले असून, ज्यांवर उपचार आहे परंतु तो अतिशय खर्चिक व जन्मभराचा आहे, अशा तिसऱ्या गटात गोशे-विकाराचा समावेश आहे. आरंभी या गटास निश्चित अर्थसाहाय्य नव्हते; मे २०२२ पासून नियुक्त उत्कृष्टता केंद्रांत कोणत्याही गटातील रोग्यास ५० लक्ष रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. धोरणात नमूद असलेल्या रोगांसाठी स्वतःच्या वापराकरिता आणलेल्या औषधांवरील सीमाशुल्क १ एप्रिल २०२३ पासून माफ करण्यात आले.

ही प्रगती लहान नव्हे. तथापि वर दिलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता उणीव दिसते. वर्षाला १० लक्ष खर्च धरला तर ५० लक्ष रुपये पाच वर्षे पुरतील. १ कोटी धरला तर सहा महिने. उपचार मात्र जन्मभराचा आहे. रक्कम संपल्यावर औषध थांबले, तर उतरलेले पोट पुन्हा वाढू लागेल.

या कोंडीतून काही अंशी वाट काढणारे दुसरे औषध म्हणजे तोंडावाटे घ्यावयाचे एलिग्लुस्टॅट. ते उणे एन्झाइम भरून काढीत नाही. साचणारा पदार्थ मुळातच कमी तयार व्हावा, अशी व्यवस्था करते. टोळी वाढविण्याऐवजी मोंढ्यात येणारा मालच कमी करण्यासारखे हे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले, की भारतीय उत्पादकांनी हे औषध तयार केल्यामुळे त्याचा वार्षिक खर्च १ कोटी ८० लक्ष ते ३ कोटी ६० लक्ष रुपयांवरून ३ ते ६ लक्ष रुपयांवर आला आहे. परंतु हे औषध मुख्यतः पहिल्या प्रकारच्या प्रौढ रोग्यांसाठी आहे. लहान मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही.

उरला प्रश्न अंतराचा. धोरणान्वये आरंभी नेमलेल्या आठ उत्कृष्टता केंद्रांत महाराष्ट्रातील मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे, तसेच हैदराबाद येथील डीएनए अंगुलिमुद्रण व निदान केंद्र हे निजाम वैद्यकीय संस्थेसह आहे. नांदेडहून हैदराबाद सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे आणि मुंबई त्याच्या दुपटीहून अधिक. १९५६ पर्यंत या दोन्ही जिल्ह्यांचा प्रदेश हैदराबाद राज्याचा भाग होता, आणि उपचारासाठी हैदराबादेस जाण्याचा प्रघात येथे जुना आहे. पण दर पंधरवड्यास, वर्षातून २६ वेळा, असा प्रवास घडला तर मुलाची शाळा आणि बापाची मजुरी दोन्ही बुडतात. सलाईनमधून औषध देण्यास एक ते दोन तास लागतात. त्यासाठी लागणारी साधने असामान्य नाहीत. निदान, आखणी व अर्थसाहाय्य उत्कृष्टता केंद्राकडून, आणि प्रत्यक्ष औषध देणे नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात वा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत, अशी विभागणी झाल्यास हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटू शकेल. दक्षता घ्यावयाची ती शीतसाखळीची. कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिल्या पाहिजेत आणि त्या गोठताही कामा नयेत. उन्हाळ्यात या भागात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा प्रवासातील पेटी व रुग्णालयातील शीतकपाट यांवर लक्ष ठेवणे हा उपचाराचाच भाग समजला पाहिजे. लसींच्या निमित्ताने ही शिस्त आरोग्य केंद्रांना परिचित आहे.

७. उपसंहार

आतापर्यंतच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. उणे एन्झाइम बाहेरून देणे शक्य आहे आणि त्यापासून मुलास पुष्कळ अंशी निरोगी आयुष्य लाभू शकते. परंतु हे औषध मेंदूपर्यंत जात नाही, हाडांची झालेली हानी परत भरून काढीत नाही आणि थांबविले असता टिकत नाही. म्हणून त्याचे यश लवकर निदान व अखंड पुरवठा यांवर अवलंबून आहे. पहिल्यासाठी फार मोठ्या साधनांची गरज नाही. ज्या मुलाची पाणथरी वाढलेली आहे, ज्याच्या रक्तबिंबिका कमी आहेत, आणि हिवताप व रक्ताचे परिचित विकार ज्यात आढळले नाहीत, अशा प्रत्येक मुलाच्या रक्ताचा ठिपका तपासणीस पाठविला जावा; आईबापांचे नाते जवळचे असेल वा पूर्वीचे एखादे भावंड अशाच लक्षणांनी दगावले असेल, तर तो विनाविलंब पाठविला जावा. दुसऱ्यासाठी शासनाचे साहाय्य एकरकमी न राहता रोग्याच्या आयुष्याबरोबर चालणारे असावे लागेल. या दोहोंपैकी पहिली गोष्ट तालुक्याच्या दवाखान्यात आजही करता येण्यासारखी आहे, आणि दुसरीची मागणी तिच्यातून निघणाऱ्या आकड्यांच्या आधारेच अधिक बळकटपणे करता येईल.